स्पीकरचा चुंबक

यावलच्या उत्तरेला, सातपुडा पाय पसरतो तिथं
कोरड्या नाल्याच्या कुशीत आमची रेंज.
तीन बाजूंनी मातीचे बांध, चौथीला आम्ही,
आणि साखळ्यांना टांगलेल्या पाच पोलादी पाट्या,
जरा पुढं झुकलेल्या,
चूक कबूल करायला आलेल्या पोरांसारख्या.

नामदार तडवी. एकोणतीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात.
आता आमच्याकडं एक प्लास्टिकची खुर्ची, थर्मास,
आणि सुतळीला बांधलेला काळा चुंबक,
कुणाच्या तरी हळदीत फाटलेल्या स्पीकरमधून काढलेला.
"लई नाचवलं यानं लोकाईले," म्हणतो,
"आता गपचूप काम करू दे त्याले."

खोकं फुटलं की आधी चुंबक.
एकेक गोळी, टोकाकडून.
पितळेला तो ओळखत नाही, तांब्याला नाही,
शिशाला तर नाहीच नाही.
पोटात लोखंड दडवलेली आली
की सुतळी तिरकी होते.

मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, काय बिघडतं?
त्यानं मला नळापाशी नेलं.
"चमचा पालथा धर. पाणी कुठं गेलं?
आता उताणा धर."
माझा कुर्ता पोटापाशी चिंब.

"सपाट पाटीवर शिसं रुपयाएवढं पसरते,
शिंतोडे कडंनं जातात, झुकलेली पाटी
त्याईले मातीत लोटते.
कडक पोटाची गोळी पसरत नाही, बाई.
ते पाटीत वाटी कोरते.
मंग पुढची चांगली गोळी त्या वाटीत पडते
आन् चांगलीच गोळी वापस येते."

त्या पावसाळ्यात एक पाटी भंगारात गेली.
खड्डा केवढा? हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

पिस्तूल दहा मीटरच्या अलीकडे नाही,
रायफल शंभराच्या अलीकडे नाही.
चष्मा सगळ्यांना. चहावाल्या सलमानलासुद्धा,
त्याच्या नाकावरून तो सारखा घसरतो
आणि एका हातात किटली असते.

एप्रिलातला रविवार. दहा वाजताच बांधाची माती पोळत होती.
भुसावळचा भूषण वायकोळे जीप घेऊन आला,
स्वस्तातली खोकी, सोबत चार दोस्त,
सगळ्यांना तो टण्ण आवाज ऐकायचा होता.
खरं सांगायचं तर मलाही.
कागद फाटतो तेव्हा काहीच म्हणत नाही.

एकोणपन्नास गोळ्या चुंबकाखालून मुकाट गेल्या.
पन्नासावीला सुतळी हलली.

"एकच तर आहे काका!"
"एकच सापडली," नामदार म्हणाला.
"आवरण लोखंडाचं असंल, नुसतं वरून," भूषण म्हणाला.
"असंल. कापून पाहू का सगळ्या?"
आणि सगळी खोकी, न उघडलेलीही,
त्यानं खुर्चीखाली सरकवली.

त्या दिवशी आम्ही कागदावरच नेम धरला.
जीप अकराला निघून गेली, हॉर्न वाजवत, बराच वेळ.
पाट्या वाऱ्यावर एकमेकींना लागत होत्या,
बारीक, गोठ्यातल्या घंटेसारख्या.

दुपारी केळीच्या बागेकडून गरम वाफ येत होती.
मी त्याच्या डाव्या भुवईकडं बघत बसले,
तिथं बोटभर केस उगवत नाहीत.
कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही नाही विचारलं.
त्यानंच चुंबक उचलला,
भुवईपाशी नेला, अगदी जवळ,
आणि कातडी किंचित वर आली,
झोपेत कुणी हाक मारल्यावर पापणी हलते तशी.

"आहे अजून," तो म्हणाला.
"पाटी माझी नव्हती. गोळीबी माझी नव्हती.
मी नुसता मोजत उभा होतो."

मी थर्मासकडं हात नेला.
"आधी हात धू," तो खेकसला. "साबणानं.
दिवसभर शिसं हाताळलं तू."